रामघाटाची रेती आणि ‘वाळूचा झारा’ : हरवलेली वस्तू शोधण्यामागील शास्त्र, साधन आणि कायदा

वाराणसी येथे गंगेच्या पश्चिम तीरावर, मेहता घाट आणि जटार घाट यांच्या सान्निध्यात रामघाट आहे. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय याच घाटावर असून येथून जवळच असलेल्या पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या परिसरात पेशवेकाळापासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. महाराष्ट्रातून काशीयात्रेस येणाऱ्या भाविकांची या भागात वर्षभर वर्दळ असते. स्नानाच्या वेळी बोटातील अंगठी निसटणे, मंगळसूत्राची वाटी तुटून पडणे, पूजेतील चांदीचे नाणे पाण्यात जाणे हे प्रकार येथे नवे नाहीत. वस्तूची किंमत कधी अल्प असते, परंतु तिच्यामागील आठवण मोठी असते. अशी वस्तू परत मिळविता येते काय, आणि त्यासाठी कोणते साधन उपयुक्त ठरते, हा प्रश्न म्हणूनच केवळ छंदाचा राहत नाही.

परदेशातील समुद्रकिनाऱ्यांवर धातुशोधक यंत्र घेऊन वाळूत दडलेली नाणी व दागिने शोधणारे छंदिष्ट अनेक आहेत. त्यांच्या एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात छिद्रे असलेले, लांब दांड्याचे खोलगट फावडे असते. यंत्राने जागा दाखविल्यावर तेथील वाळू या साधनाने उचलायची, हलवायची आणि वाळू गळून गेल्यावर उरलेली वस्तू पाहायची, अशी ही पद्धत आहे. मराठीत या साधनाला रूढ नाव नाही. मात्र तळणीतील पुरी किंवा भजी तेलातून निथळून काढणारा स्वयंपाकघरातील झारा आणि हे साधन यांचे तत्त्व एकच असल्याने त्यास ‘वाळूचा झारा’ म्हणणे योग्य ठरेल.

घाट एका तीरावर, रेती दुसऱ्या तीरावर

गंगा वाराणसीत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. शहराच्या बाजूचा पश्चिम तीर उंच आणि कंकरमिश्रित घट्ट मातीचा असून त्यावर दगडी पायऱ्यांचे ८४ घाट आहेत. पूर्वेकडील तीर याउलट सखल आहे. वळणाच्या आतील बाजूस प्रवाह मंद असल्याने तेथे दरवर्षी नवी रेती साचते आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात तिचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. रामघाटावरून नावेने पलीकडे जाऊन या रेतीवर स्नान करणारे यात्रेकरू बरेच असतात.

पावसाळ्यात हे चित्र पूर्णपणे बदलते. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीनुसार वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते व ती आजवरची सर्वोच्च नोंद आहे. हिवाळ्यातील पातळीच्या तुलनेत ही वाढ दहा मीटरहून अधिक भरते. पूर ओसरल्यानंतर घाटांच्या पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो आणि तो पंपाच्या जोरदार फवाऱ्याने पुन्हा नदीत लोटावा लागतो.

या भूगोलाचा शोधकार्याशी थेट संबंध आहे. पश्चिमेकडे वस्तू पडते ती दगडी पायरीच्या सांधीत किंवा चिकट गाळात. पूर्वेकडे पडते ती मोकळ्या रेतीत. गाळाचे कण ०.०६ मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि ओले असताना ते झाऱ्याची छिद्रे बुजवून टाकतात. गंगेची रेती बारीक आणि अभ्रकयुक्त असली तरी तिचे कण सुटे असतात. त्यामुळे ती कोरडी असताना किंवा पूर्ण पाण्याखाली असताना छिद्रांतून सहज गळते. केवळ ओलसर रेती तेवढी गोळा होऊन अडून राहते. वाळूचा झारा हे मुख्यतः पूर्व तीराचे साधन आहे, ते यामुळे. घाटाच्या पायरीवर त्याचा उपयोग मर्यादित असून तेथे गाळ घमेल्यात काढून चाळणीवर पाणी ओतत धुणे हाच मार्ग अधिक फलदायी ठरतो.

चुंबक कोठे कमी पडतो?

नदीत अर्पण केलेली नाणी काढण्यासाठी दोरीला जाड चुंबक बांधून तो तळाशी फिरविणारी मुले देशातील अनेक तीर्थक्षेत्री व नदीवरील पुलांखाली दिसतात. नाशिकच्या गोदाकाठापासून काशीच्या घाटापर्यंत हे दृश्य परिचित आहे. ही युक्ती यशस्वी होते, याचे कारण भारतीय नाण्यांच्या धातूत आहे.

१९८८ पासून छोट्या मूल्याची नाणी लोखंड व क्रोमियम यांच्या मिश्रणाच्या, म्हणजे फेरिटिक प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये पाडली जाऊ लागली. हे पोलाद चुंबकाकडे ओढले जाते. पुढे एक आणि दोन रुपयांची नाणीही याच पोलादात आली. परंतु पाच रुपयांचे जुने जाड नाणे तांबे व निकेल यांच्या मिश्रणाचे होते आणि त्यास चुंबक चिकटत नाही. २०२० मध्ये चलनात आलेल्या वीस रुपयांच्या बाराकोनी नाण्यात बाहेरचे कडे तांबे, जस्त आणि निकेल यांचे, तर मधला भाग निकेलयुक्त पितळेचा आहे. त्यावरही चुंबक चालत नाही. सोने, चांदी, तांबे व पितळ यांच्याबाबतीत तर प्रश्नच उद्‌भवत नाही.

याचाच अर्थ असा की, चुंबकाने नाणी मिळतील, परंतु हरवलेली अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी मिळणार नाही. त्यासाठी धातूची विद्युतवाहकता ओळखणारे यंत्र आणि रेती गाळणारे साधन या दोहोंचीच आवश्यकता असते.

यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

धातुशोधक यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलती वीज वाहते तेव्हा भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात, त्यांचेही एक क्षेत्र असते आणि यंत्र त्या प्रतिसादाचे आवाजात रूपांतर करते.

या विद्येचा इतिहास रंजक आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे उपकरण वापरून पाहिले. प्रयत्न अयशस्वी ठरला. राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यातील लोखंडी स्प्रिंगांमुळे उपकरण गोंधळले आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, ही त्याची कारणे सांगितली जातात. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी हाती धरून चालविता येणारे सुरुंगशोधक यंत्र तयार केले व १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत त्याचा वापर झाला. आजचे छंदिष्टांचे यंत्र याच परंपरेतील आहे.

बेल यांची अडचण घाटावरही येते. दगडी पायऱ्यांत जागोजागी लोखंडी कड्या, साखळ्या व खिळे आहेत. अशा ठिकाणी यंत्र सतत वाजत राहते. रेतीवर ही अडचण कमी असते, मात्र बाटल्यांची झाकणे आणि अॅल्युमिनियमची वेष्टणे तेथेही असतात. सोन्याच्या बारीक अंगठीचा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाचा प्रतिसाद पुष्कळदा सारखाच येतो. कचरा टाळण्यासाठी यंत्रावर तो आवाज बंद केला तर अंगठीही निसटण्याची शक्यता असते. परिणामी प्रत्येक संशयास्पद ठिकाणची रेती उचलून पाहावी लागते आणि हे काम वेगाने होण्यासाठी झारा आवश्यक ठरतो. नाण्याच्या आकाराची वस्तू सामान्यतः २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच ओळखता येते, हेही लक्षात ठेवावयास हवे.

छिद्र किती मोठे असावे?

झाऱ्याची उपयुक्तता सर्वाधिक अवलंबून असते ती छिद्रांच्या मापावर. छिद्र मोठे असेल तर रेती लवकर गळते, पण वस्तूही गळते. छिद्र लहान असेल तर वस्तू सुरक्षित राहते, पण वेळ वाढतो.

गोल छिद्रातून चपटी, गोल वस्तू आडवी वा उभी कशीही जावयाची झाली तरी तिचा व्यास छिद्रापेक्षा कमी असावा लागतो. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर, दोन रुपयांचा २५, पाचचा २३ आणि दहा व वीस रुपयांच्या नाण्यांचा २७ मिलिमीटर आहे. प्रौढ व्यक्तीच्या अंगठीचा बाहेरील व्यासही साधारण २० मिलिमीटरच्या आसपास असतो. १० ते १२ मिलिमीटरचे गोल छिद्र या सर्व वस्तूंसाठी पुरेसे सुरक्षित असते. लांबट फटी मात्र टाळाव्यात. अंगठी उभी राहिली की तिची जाडी दोन-तीन मिलिमीटरच उरते आणि लांब फटीतून ती अलगद निघून जाते. चौकोनी जाळी वापरताना बाजू न मोजता कर्ण मोजावा, कारण वस्तू कर्णाच्या दिशेनेही सरकते.

शोध नथीच्या मोत्याचा, चमकीचा किंवा काळ्या मण्यांचा असेल तर हे माप निरुपयोगी ठरते. मणी तीन-चार मिलिमीटरचे असतात. अशा वेळी एकाखाली एक अशा तीन चाळण्या वापरणे हितावह असते : वरची १२ मिलिमीटरची, मधली ६ ची आणि तळाची २ मिलिमीटरची. वरच्या चाळणीवर दगड व शिंपले राहतात, मधलीवर मोठे तुकडे आणि तळाशी बारीक वस्तू. गंगेची बारीक रेती २ मिलिमीटरमधूनही पाण्यासोबत सहज निघून जाते. मण्यांना धातूशोधक यंत्र प्रतिसाद देत नाही; तेथे शोध वाटीच्या वा तारेच्या सोन्याचा घ्यावयाचा आणि मणी चाळणीवर विसंबून मिळवायचे.

साधन घरी कसे तयार करावे

परदेशी बनावटीचा झारा मागविणे खर्चिक असते. तुलनेने साधे साधन कोणत्याही गावातील पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेता येते.

प्रथम आकाराचा विचार करावा. १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर लांबीचा नळकांड्यासारखा झारा पूर्ण भरला तर त्यात सुमारे ४.४ लिटर रेती मावते. ओल्या रेतीचे वजन लिटरला जवळपास दोन किलो असते. म्हणजे एका वेळी नऊ किलोंच्या आसपास ओझे उचलावे लागेल. पाण्याखाली हेच ओझे निम्म्यावर येते, परंतु कोरड्या तीरावर तासाभरात हात भरून येतात. १२ सेंटिमीटर व्यास आणि २० सेंटिमीटर लांबी ठेवल्यास क्षमता २.३ लिटर होते आणि ओझे साडेचार किलोंवर येते. नवशिक्यासाठी हेच माप योग्य होय.

धातू म्हणून स्टेनलेस स्टीलचा दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा उत्तम. स्वयंपाकघरातील डबे यापेक्षा बरेच पातळ असतात व घट्ट रेतीत त्यांची कड वळते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडतो, परंतु छिद्रे पाडली की कापलेल्या कडांना गंज चढतो. पत्रा नळकांड्यासारखा वळवून जोडावा व मागील तोंड छिद्रांच्या तबकडीने बंद करावे. पुढील तोंड सरळ न ठेवता तिरके कापावे, म्हणजे खालचा ओठ पुढे येतो आणि रेतीत शिरतो. हा ओठ कानशीने घासून बोथट करावा. धारदार ठेवल्यास वस्तूवर ओरखडे उठतात आणि पायासही इजा होते.

छिद्रांची मांडणी एकाआड एक ओळीत करावी. १० मिलिमीटरच्या छिद्रांच्या केंद्रांमध्ये १६ मिलिमीटर अंतर ठेवल्यास पत्र्याचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळा होतो आणि दोन छिद्रांमध्ये ६ मिलिमीटर धातू शिल्लक राहून मजबुतीही टिकते. ओठाकडील चार-पाच सेंटिमीटरचा भाग मात्र छिद्रांविना ठेवावा, कारण सर्वाधिक ताण तेथेच येतो.

कोरड्या रेतीवर बसून काम करावयाचे असल्यास हातभर लांबीची मूठ पुरते. गुडघाभर पाण्यात उभे राहावयाचे असल्यास १२० सेंटिमीटरच्या आसपास दांडा लागतो. लाकडी दांडा हलका असतो आणि हातातून सुटला तर तरंगतो. झाऱ्याच्या मागील बाजूस पाय रोवण्यासाठी लहान पट्टी जोडल्यास दाब देणे सोपे जाते. दांडा आणि झारा यांचा जोड एका रिव्हेटवर न ठेवता दोन ठिकाणी पक्का करावा. अशी साधने बहुधा याच जागी मोडतात.

ज्यांना केवळ एखाद्या दिवसापुरते साधन हवे आहे त्यांच्यासाठी पाच लिटरचा खाद्यतेलाचा प्लॅस्टिकचा डबा पुरेसा आहे. मुठीची बाजू तशीच ठेवून तळ तिरका कापावा आणि तापविलेल्या जाड सळईने छिद्रे पाडावीत. हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण निघणारा धूर अपायकारक असतो. प्लॅस्टिकचा एक लाभ असा की, यंत्राची तबकडी जवळ आणली तरी ते वाजत नाही. त्यामुळे उचललेल्या रेतीत वस्तू आली की नाही हे झाऱ्यातच तपासता येते. पोलादी झारा तबकडीपासून दूर ठेवावा लागतो. त्याची रेती बाजूला ओतून मगच यंत्र फिरवावे लागते.

शोधाची शिस्त

वस्तू हरविल्यावर पहिल्या काही मिनिटांतील कृती निर्णायक असते. घाबरून सर्वांनी त्या जागी रेती चाळवू नये. पायांच्या हालचालीने वस्तू खोल जाते. उभ्या असलेल्या जागेची खूण त्वरित करावी. जमिनीवर काठी रोवता येते. पाण्यात हे शक्य नसल्यास कोळी लोक जाळ्याची जागा लक्षात ठेवतात त्या पद्धतीने दोन रेषा पाहाव्यात : समोरच्या तीरावरील एखादा कळस व त्यामागील इमारत एका रेषेत येतात ती एक, आणि बाजूची नाव बांधण्याची खुंटी व एखादी छत्री एका रेषेत येतात ती दुसरी. दोन रेषा मिळतात तेथे शोध सुरू करावा.

त्यानंतर दोरी ताणून त्या जागेचे पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्ट्यावरून यंत्र सावकाश, रेतीला जवळजवळ टेकवून फिरवावे. आवाज आला की आडवे व उभे असे दोनदा फिरवून नेमका मध्य ठरवावा. झारा त्या मध्यावर न रोवता एक वीतभर मागे रोवून खालून उचलावा. रेती उचलल्यावर खड्ड्यावरून पुन्हा यंत्र फिरवावे. आवाज थांबला असेल तर वस्तू झाऱ्यात आहे. आवाज चालू असेल तर ती अद्याप खाली आहे. झारा हलविण्यापूर्वी केलेली ही तपासणी बराच वेळ वाचविते. काम संपताच खड्डा बुजविणे हे कर्तव्यच मानावे. रात्री रेतीवरून चालणाऱ्याचा पाय उघड्या खड्ड्यात मुरगळू शकतो.

सुरक्षिततेबाबत एक इशारा आवश्यक आहे. पूर्व तीराची रेती पाण्याखाली सलग उताराची नसते. दोन पावलांपूर्वी गुडघाभर असलेले पाणी अचानक डोक्यावर जाऊ शकते. जड झारा हाती घेऊन एकट्याने पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. स्थानिक नाविकास सोबत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. कोठे रेती खचते आणि कोठे प्रवाह वळतो हे तो जाणतो.

झारेकरी आणि सोनझारी

वाळूतून धातू वेगळा करण्याचे कसब भारतात यंत्राच्या कितीतरी आधीपासून आहे. सराफकट्ट्यावरील दुकानांतील केरकचरा व माती विकत घेऊन ती धुऊन सोन्याचे कण मिळविणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात. हिंदीत त्यांनाच न्यारिया हे नाव आहे. विदर्भात सोनझारी समाज याच व्यवसायासाठी ओळखला जातो. रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात नदीपात्रातील वाळू धुऊन सोने काढणाऱ्या सोनझरा समाजाची स्वतंत्र नोंद आहे.

या कसबाचे तत्त्व घनतेत आहे. वाळूच्या कणाची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट, तर सोन्याची १९.३ पट असते. लाकडी दोणीत वाळू आणि पाणी घेऊन गोल हेलकावे दिले की हलकी वाळू काठावरून वाहून जाते आणि जड धातू तळाशी बसतो. चांदी १०.५ पट व लोखंड ७.९ पट असल्याने तेही मागे राहतात. अॅल्युमिनियम मात्र केवळ २.७ पट आहे. वाळूएवढ्याच घनतेमुळे जुनी हलकी अॅल्युमिनियमची नाणी दोणीत वाळूसोबतच निघून जातात. झारा वस्तू आकारावरून वेगळी करतो, दोणी वजनावरून. मोठ्या वस्तूसाठी पहिला आणि कणांसाठी दुसरी, अशी ही विभागणी आहे. धुतलेल्या मातीतील अतिसूक्ष्म सोने पकडण्यासाठी पारा वापरण्याची जुनी रीत मात्र आरोग्यास घातक आहे आणि तिचे अनुकरण कोणीही करू नये.

रामघाटाच्या दक्षिणेस, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मणिकर्णिका घाट आहे. तेथील चितांची राख व गाळ पाण्यात धुऊन त्यातील सोन्या-चांदीचे कण वेचणारे लोक अनेक पिढ्यांपासून आहेत. ज्यांना दुसरे साधन नाही त्यांची ही उपजीविका आहे. यंत्र घेऊन आलेल्या छंदिष्टाने या जागेत प्रवेश करणे दोन कारणांनी अनुचित ठरते : ती अंत्यसंस्काराची भूमी आहे आणि तेथील शोधावर कोणाचे तरी पोट अवलंबून आहे. घाटांवर नाणी वेचणाऱ्या मुलांबाबतही हेच म्हणता येईल. छंद आणि पोट यांची स्पर्धा झाली तर छंदाने मागे सरणे इष्ट होय.

सापडलेली वस्तू कोणाची?

‘ज्याला सापडले त्याचे’ ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी कायदा ती मान्य करीत नाही. येथे तीन प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार हरवलेल्या वस्तूचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ अन्वये दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते. मालकाने बक्षीस जाहीर केले असल्यास कलम १६८ प्रमाणे शोधणारा ते मागू शकतो. मालक माहीत असताना, किंवा वाजवी प्रयत्नाने माहीत होण्यासारखा असताना वस्तू स्वतःकडे ठेवणे हा अपहार ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे. आतील बाजूस नाव व तारीख कोरलेली अंगठी मिळाली तर ती खिशात घालणे गुन्हा ठरू शकते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा प्रकार दडविलेल्या धनाचा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडविलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची कोणतीही वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीअंती धन बेवारस ठरले आणि अन्य करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. शासनास ते संपादित करावयाचे असल्यास धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक रक्कम दिली जाते. माहिती दडविणाऱ्याचा वाटा जप्त होतो आणि त्यास एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो.

तिसरा प्रकार पुरातन वस्तूंचा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे वा मूर्ती पुरावशेष ठरते व तिच्या विक्रीस परवाना लागतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. रामघाटापासून जवळच, पंचगंगा घाटावरील धरहरा मशीद ही अशीच संरक्षित वास्तू आहे. तिच्या आवारात यंत्र आणि झारा घेऊन खोदकाम करणे सर्वथा वर्ज्य समजावे.

या निर्बंधांमागील कारण वाराणसीनेच दाखवून दिले आहे. १९४० मध्ये काशी रेल्वे स्थानकाच्या विस्तारासाठी राजघाटाच्या पठारावर खोदकाम झाले तेव्हा प्राचीन वस्तू मोठ्या प्रमाणात वर आल्या. परंतु त्या कोणत्या थरातून निघाल्या याची नोंद राहिली नाही. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाने १९५७ पासून तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा कोठे वस्तीचा कालक्रम उलगडत गेला. वस्तू हाती येते, पण थर नष्ट होतो, आणि थराशिवाय वस्तू मुकी असते. वरच्या सैल रेतीत कालपरवा पडलेली अंगठी शोधणे आणि तीराच्या मातीत खोल खणणे यांतील फरक नेमका हाच आहे.

रेतीवरही निसर्गाचा हक्क आहे. रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता आणि २०२० मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला. दर्जा गेला तरी कासवे अंडी घालतात ती तीरावरच्या वाळूतच. झाऱ्यात अंडी आढळल्यास ती हलवू नयेत. जागा पूर्ववत झाकून तेथून दूर व्हावे.

थोडक्यात, वाळूचा झारा हे साधे, स्वस्त आणि घरगुती कारागिरीतून साध्य होणारे साधन आहे. त्याचे यश छिद्राच्या मापावर, उचलण्याच्या शिस्तीवर आणि वस्तू पडताच केलेल्या खुणेवर अवलंबून असते. पुढील पुरात रेतीचे मैदान पुन्हा पाण्याखाली जाते आणि नव्या रेतीचा थर जुन्यावर बसतो. एका हंगामात हरवलेली वस्तू त्याच हंगामात शोधली तर मिळण्याची आशा असते. पुढच्या वर्षी ती यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलेली असू शकते. काशीयात्रेस निघणाऱ्यांसाठी यातील सर्वांत उपयुक्त सूचना मात्र कोणत्याही साधनाविना अमलात आणता येण्याजोगी आहे. थंड पाण्यात बोटे आकसतात आणि सैल अंगठी निसटते. म्हणून पायरी उतरण्यापूर्वीच ती काढून सोबतच्या माणसाकडे सोपवावी.